भिंतीवरच्या निवट्या

॥ एकवीरा आई प्रसन्न ॥

कशेळी, १० ऑगस्ट २०२५

चि. मृणालीस काकाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. आपल्या गोदामाच्या भिंतीवर तू उन्हाळ्यात खाडीतल्या संपत चाललेल्या मासळीचं चित्र काढलंस. मी भिंत दिली होती ती लोक तिथे पिचकाऱ्या मारायचे म्हणून. आता पुलावरून जाणारे थांबून फोटो काढतात. ट्रकवाले गेटवर येऊन जिताड्याचा भाव विचारतात. आणि पुढच्या महिन्यात एक मंडळ मला ‘खाडीमित्र’ म्हणून शाल-श्रीफळ देणार आहे. हसायचं तर हस.

आता काम. भिंतीलगतच्या खाजणातल्या चिखलावर ट्रक उभे करायला मुरुमाचा भराव टाकतोय, तो वर येत चाललाय. खालच्या ओळीतल्या, चिखलात उड्या मारणाऱ्या तुझ्या निवट्या मुरुमात गेल्या, चिंबोऱ्यांचे नुसते डोळे उरलेत. सत्कारापूर्वी येऊन सगळी मासळी जरा वर सरकव. रंगाचा खर्च माझा. जिताड्याला हात लावू नकोस, तो झकास जमलाय.

काकी आठवण काढते. माया आहेच, ती वाढावी.

तुझा,
केसरीनाथ काका

बडोदे, १८ ऑगस्ट २०२५

ती. काकांस मृणालीचा सा. न. वि. वि.

चित्रातल्या निवट्या मी वर सरकवीन, पण चिखलातल्यांना कोण सांगणार? बाबा गेले त्या वर्षी मी कुणाशी बोलत नव्हते, तेव्हा तुम्ही मला ह्याच खाजणात निवटी धरायला शिकवलंत. ती हातातून उडाली आणि मी हसले, हे तुम्हीच घरभर सांगत होतात. मला त्या चिखलाची फार आठवण येते.

आता फक्त बांधाच्या उघाडीजवळचा, भरतीचं पाणी आत येतं तो कोपरा उरलाय. तेवढा सोडा, काका. तोही भरलात तर मी रंग घेऊन येईन, पण भिंत पांढरी करायला. मग खुशाल शाल पांघरून मुरुमावर उभे राहा.

आणि काकीला विचारा, यंदा गौरीच्या तिखटाच्या नैवेद्याची चिंबोरी कुठून आणणार?

रागावलात तरी लोभ कमी करू नका.

आपली,
मृणाली

कशेळी, ५ सप्टेंबर २०२५

चि. मृणालीस आशीर्वाद.

तुझं पत्र सवयीने काकीला मोठ्याने वाचून दाखवलं, तिथेच फसलो. चिंबोरीच्या ओळीला ती कांदा चिरायची थांबली. म्हणाली, इकतची चिंबोरी गौरीला न्हाय चालायची. घरच्या कर्त्याने आपल्या खाजणात हातानं धरलेलीच पाहिजे, न्हायतर गौरीला तुम्हीच काय ते सांगा.

मग काय, हाफ चड्डी घालून बालदी घेऊन निघालो. गोदामातले हमाल शेठला बघायला गोळा झाले. भरावाखाली बिळं कुठली असायला? उघाडीच्या कोपऱ्यात ओहोटीला हात घालत फिरलो, तेव्हा कुठे एक मिळाली. तिने माझं बोट फोडलं. मला मात्र फार बरं वाटलं.

काकीने ती उलटी करून पाहिली. पोटुशी होती. गौर म्हणजे माहेरवाशीण, तिच्या पानात पोटुशी कशी वाढू, म्हणाली आणि ती सोडायला मला परत चिखलात धाडलं. गौरीला वालाचं बिरडं दाखवलं, आपल्या घरात पहिल्यांदाच. बिरडं चांगलं होतं.

कोपऱ्यातला भराव थांबवलाय. खाडीमित्र वगैरे काही नाही. काकी रोज सकाळी विचारते, ती पोटुशी कशी हाय. कोपरा भरला तर, मुरुमाखाली हाय, असं सांगायची माझ्यात हिंमत नाही.

सत्कार २८ तारखेच्या रविवारी आहे. शालीचा मोह सुटत नाही, तेव्हा भाषण तूच लिहून पाठव, खरं फार घालू नकोस. चित्र सरकवायला येऊ नकोस. फोटोत नीट दिसावं म्हणून भिंतीलगतचा मुरुम खणून काढला. तुझ्या निवट्या पाण्याने धुतल्या, सगळ्या शाबूत आहेत.

खऱ्यांपैकी अजून एकही परत आलेली नाही. मी रोज ओहोटीला जाऊन बघतो.

तू लवकर ये, इतकंच मागणं.

तुझा काका