उपासाला चालणारी मशेरी

चेन्नई

ती. आईस,

कामिनीचा नमस्कार. मी बरी आहे. मेसमध्ये आता पोळी मिळते. आबांचा गुडघा कसा आहे?

धाकट्या तेजसनं तुझ्या गालाच्या आतल्या पांढऱ्या चट्ट्याचा फोटो पाठवला. त्यासाठी तू महिनाभर दिवसाआड उपास धरतेस म्हणे. उपासाला चालते म्हणून मशेरी मात्र सुरूच आहे. फोटो पाहिला आणि पुन्हा कामाला लागले. रडू आलं नाही. अजूनही काही वाटत नाही.

चूक माझी आहे. दिवाळीत मीच सांगितलं होतं, आमच्या प्रयोगशाळेत उपाशी ठेवलेल्या हिरडीच्या पेशी स्वतःतला कचरा खातात आणि त्यावरच हिरडी भरून येते. तू हात जोडून म्हणालीस, "बठ्ठी देवनी करनी शे." सगळी देवाचीच करणी, हे ऐकून मला बरं वाटलं, म्हणून पुढचं बोलले नाही.

ते पुढचं हे: बिघडलेली पेशीसुद्धा उपाशी ठेवली की तशीच स्वतःला खाऊन तगते.

तेव्हा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी दुधात कुस्करून खा. मशेरीचा डबा तेजसकडे दे. सोमवारी जळगावला जाऊन चट्ट्याचा तुकडा तपासायला द्या.

लोकांच्या तोंडातले असे तुकडे मी रोज बघते. तुझ्या तुकड्याचा फोटो मला पाठवू नका. काय निघालं तेवढं कळवा.

तुझी,
कामिनी