बुधवारी खिडकीवर दुसरा माणूस

सौ. सारजास,

बारामतीहून आशीर्वाद. मी खुशाल आहे, जेवणही वेळेवर होतं. घरचा फोन आप्पाच उचलतात, म्हणून हे पत्र.

दवाखान्यात मला आता ओपीडीच्या खिडकीवर बसवलंय. कुणाचंही नाव मी चुकीचं पुकारत नाही, हे डॉक्टरसुद्धा मानतात.

बुधवारी इथं तोंडातल्या गाठींचे पेशंट येतात. काल त्यांत आपले आप्पा बसलेले दिसले. तुला इंदापूरला जातो म्हणाले असतील. मला पाहताच त्यांनी उपरणं तोंडावर ओढलं आणि सफाईच्या प्रयागबाईंना विचारलं, "खिडकीवरचा त्यो मानूस रोज असतो व्हय?"

"रोज! लई काटेकोर हाय," त्या हसून म्हणाल्या.

मी आप्पांचं नाव पुकारलं तेव्हा त्यांची जागा रिकामी होती. डॉक्टरांना न दाखवताच ते गेले.

आप्पा भाकरी दुधात कुस्करून खातात का? चटणी नको म्हणतात का?

येत्या बुधवारी मी रजा टाकली आहे. त्यांच्या कानावर जाईल असं सहज म्हण, "हे बुधवारी पुण्याला जाणार हायेत."

मग सकाळी ते निघाले, तर कुठं चाललात म्हणून विचारू नकोस.

तुमच्या सगळ्यांच्या काळजीत,
माऊली