चौदाव्या दिवसाचं पाकीट

मी, हरिदास गोविंद खोब्रागडे, मूळचा पवनी, जिल्हा भंडारा इथला, गेली बावन्न वर्षं इंग्लंडमधल्या स्लाऊचा रहिवासी, वय सत्त्याहत्तर, निवृत्त सॉलिसिटर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल विचारत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. याआधी केलेली माझी दोन्ही मृत्युपत्रं या लेखाने रद्द समजावीत.

लोकांची मृत्युपत्रं मी आयुष्यभर इंग्रजीत केली. माझं मराठीत आहे, कारण जिच्यामुळे ते लिहायला बसलो तिला ते स्वतः वाचता आलं पाहिजे. तिच्याबद्दल कलम पाचमध्ये येईल. कोर्टासाठी प्रमाणित भाषांतर करून घ्यावं.

कलम १. माझ्यामागे सगळं निस्तरण्याची जबाबदारी मी माझी मुलगी कल्याणी हिच्यावर सोपवतो. ती इल्फर्डच्या शाळेत गणित शिकवते, त्यामुळे गोंधळ सहन करत नाही. अंत्यविधी माझी पत्नी शांता हिचा झाला त्याच ठिकाणी व्हावा. त्रिशरण, पंचशील, आणि नंतर सगळ्यांना गरम जेवण. माझ्याबद्दल कोणी भाषण करू नये. का, ते पुढे कळेल.

कलम २. माझं राहतं घर कल्याणी आणि मुलगा प्रबुद्ध यांना समसमान मिळावं. हे घर आम्ही १९८१ साली घेतलं. मी दिवसा ट्रेडिंग इस्टेटमधल्या कारखान्यात डबे भरत होतो आणि संध्याकाळी कायद्याच्या वर्गाला जात होतो. शांता घरी बसून कोटांना अस्तर लावायची. दोन वर्षांनी मी सॉलिसिटर झालो, तेव्हा ऑफिस घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून दर रविवारी पुढच्या खोलीत लोक यायचे. कोणाला कौन्सिलचं पत्र आलेलं असायचं, कोणाला घरमालकाने बाहेर काढलेलं असायचं, कोणाची आई व्हिसासाठी अडकलेली असायची. जिन्याच्या पहिल्या पायरीपासून रांग सुरू व्हायची, आणि पुढे ऑफिस झालं तरी ती थांबली नाही. शांता प्रत्येकाला चहा द्यायची आणि नाव विचारायची, आणि पुढच्या वेळी ते नाव तिच्या लक्षात असायचं. मुलं वरच्या पायऱ्यांवर बसून गृहपाठ करायची. प्रबुद्ध सात वर्षांचा असताना एकदा त्याच्या इंग्रजाळलेल्या मराठीत म्हणाला, "बाबा, आपली घरात आपणच कुठे बसायचा?" आम्ही हसलो. आज वाटतं, त्याला उत्तर द्यायला हवं होतं.

घर विकायचं की ठेवायचं, हे दोघांनी ठरवावं. माझ्या आठवणींसाठी कोणी घर अडवून ठेवू नये.

कलम ३. शांताचं शिलाई मशीन नात मायरा हिला. ती त्याला व्हिंटेज म्हणते. म्हणू दे, पण तेल घालत जा म्हणावं. कायद्याची पुस्तकं जुनी झाली आहेत. ती कोणाला देऊन त्याची दिशाभूल करू नये. शांताचा मोठा प्रेशर कुकर आमच्या विहाराच्या मंडळाचे चिटणीस प्रमोद गेडाम यांनी १९९४च्या जयंतीला नेला. तो मी त्यांना या लेखाने कायमचा देतो. त्यांच्याकडे तो तसाही कायमचाच आहे.

कलम ४. अलॉटमेंटचा, म्हणजे भाजी लावायला भाड्याने घेतलेला, जमिनीचा तुकडा कौन्सिलचा आहे, तो मला कोणाला देता येत नाही. अवजारं प्रबुद्धने घ्यावीत. मेथी मार्चमध्ये पेरू नकोस, बाबा रे. मी तेवीस वर्षं पेरली आणि तेवीस वेळा थंडीने मारली. शांता दरवर्षी सांगायची, मे महिन्यात पेरा. मी ऐकलं नाही.

कलम ५. हे कलम मालमत्तेचं नाही. तरी ते मृत्युपत्रात आहे, कारण पत्र हरवतं, आणि या देशात प्रोबेट झालेलं, म्हणजे कोर्टाने मंजूर केलेलं, मृत्युपत्र कोणालाही मागवून वाचता येतं.

जयंत रामटेके आणि मी नागपूरला लॉ कॉलेजच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो. माझ्यानंतर वर्षभराने तोही इकडे आला. मी दुकानांच्या वर एक खोली घेऊन ऑफिस थाटलं, तेव्हा तो माझा कारकून झाला. कारकून कागदावर, खरं तर अर्धं ऑफिस तोच होता. मी बोलायचो, तो लिहायचा. दुपारी दोघं एका डब्यात जेवायचो. झुणका कोणाच्या घरचा चांगला, यावर आमचं कधीच एकमत झालं नाही. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली पाच वर्षं होती.

१९८८च्या ऑक्टोबरमध्ये सुनेत्रा गजभिये आमच्याकडे आली. तिच्या परवानगीने तिचं नाव लिहितो. वय चोवीस, माहेर वर्ध्याचं. लग्न होऊन हाउन्सलोला आली, आणि दहाव्या महिन्यात नवऱ्याने घराबाहेर काढून सरकारला कळवलं की लग्न संपलं. तिला देश सोडण्याचा आदेश आला. अपील करायला चौदा दिवस होते. केस चांगली होती, मी जिंकलो असतो. चौदाव्या दिवशी, बुधवारी, सही झालेला अर्ज पाकिटात घालून मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. दुपारच्या गाडीने लंडनला जाऊन तो स्वतः द्यायचा होता. साडेअकराला शाळेतून फोन आला की प्रबुद्ध भिंतीवरून पडला, हात मोडला आहे. मी धावत हॉस्पिटलला गेलो. पाकीट मला गुरुवारी सकाळी सापडलं, ऑफिसच्या दारात किल्ली शोधताना.

उशिराने अर्ज घेण्याची विनंती केली, ती नाकारली गेली. शुक्रवारी सुनेत्रा ऑफिसात आली. तिने विचारलं, "साहेब, कागद वेळेत गेला ना?"

जयंत समोरच्या टेबलावर होता. मी म्हणालो, "जयंतकडे दिला होता."

इतकंच बोललो. तिने जयंतकडे पाहिलं. तो समोरची फाइल बांधत राहिला. जानेवारीत ती परत गेली. तोपर्यंत विहारात, घराघरांत सगळ्यांना ठाऊक झालं होतं की रामटेकेंनी एका पोरीचं आयुष्य घालवलं. त्याच महिन्यात जयंतने नोकरी सोडली. पुढे निवृत्त होईपर्यंत त्याने हीथ्रोच्या कार्गोमध्ये खोकी उचलली. माझ्या ऑफिसाला मात्र बरकत आली. मंडळाने मला दोनदा शाल दिली. दोन्ही शाली कपाटात आहेत, त्या कल्याणीने कोणाला तरी थंडीसाठी देऊन टाकाव्यात.

शांताला मी त्याच आठवड्यात सांगितलं होतं. ती म्हणाली, "अहो, जयंतभाऊजींना फोन करा. आजच करा." हे ती वर्षानुवर्षं म्हणत राहिली. शेवटची दोन वर्षं म्हणायची थांबली, आणि तेच मला जास्त लागलं. २०१९ मध्ये ती गेली. जयंत अंत्यविधीला आला, मागे उभा राहिला आणि कोणाशी न बोलता गेला.

या फेब्रुवारीत मी बसने हाउन्सलोला त्याच्या घरी गेलो. दार त्यानेच उघडलं.

"ये," तो म्हणाला. "जिना नाही, घाबरू नकोस."

मी उभ्यानेच सांगितलं. पाकीट माझ्या कोटात होतं, मी खोटं बोललो.

"मला माहीत होतं. गुरुवारी सकाळी तुझ्या हातात पाहिलं मी ते."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझी सनद गेली असती. रविवारच्या रांगेतल्या माणसांनी जायचं कुठे?" मग म्हणाला, "आणि मला वाटलं, पोराचा हात मोडलाय, हा घाबरलाय. एक-दोन दिवसांत सांगेल."

एक-दोन दिवस. मी छत्तीस वर्षं लावली.

त्याच्याकडे सुनेत्राचा नंबर होता. पहिली दोन वर्षं तिने त्याला शिव्या देणारी पत्रं लिहिली होती. तो प्रत्येकाला उत्तर देत गेला आणि पुढे डी.एड.चे अर्ज पाठवत गेला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आहे. मी फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"वकीलसाहेब, माझं वाईट झालं नाही," ती म्हणाली. "पण ते मी होऊ दिलं नाही. तुम्ही त्याचं समाधान मानू नका."

मी हो म्हणालो.

"आणि जयंतभाऊंना मी काय काय लिहिलं होतं, ते आठवलं की आता झोप येणार नाही. फोनवरचं मला चालणार नाही. मराठीत लिहून द्या, सही करून. आणि ज्या लोकांत त्यांचं नाव गेलं, त्यांच्यासमोर वाचा. तुमच्यामागे नाही. तुम्ही असताना."

त्याप्रमाणे १८ मे रोजी, रविवारी, वंदनेनंतर मी हे कलम इथपर्यंत विहारात उभा राहून वाचलं. माझ्या आग्रहावरून जयंत आला होता, दाराजवळ बसला होता. वाचून झालं. मग प्रमोद गेडाम पहिल्या रांगेतून उठले, जयंतला हात धरून पुढे आणलं आणि आपल्या खुर्चीवर बसवलं. त्यानंतर तीन-चार जण माझ्याशी न बोलता घरी गेले. त्यांचं बरोबर आहे.

प्रबुद्ध मला गाडीतून घरी घेऊन आला. वाटेत म्हणाला, "बाबा, म्हणजे हे माझ्या हातामुळे झाली?"

प्रबुद्ध, तेव्हा गाडीत सांगितलं तेच इथे लिहून ठेवतो. तुझ्यामुळे पाकीट राहिलं, पण खोटं मी तुझ्यामुळे बोललो नाही. नऊ वर्षांच्या मुलासाठी बाप धावला, ते योग्यच होतं. तसं शुक्रवारी सांगितलं असतं तर सुनेत्रानेही समजून घेतलं असतं. तुझा हात त्या हिशेबात कुठेच नाही.

कलम ६. ~~माझ्या मालकीची ऑफिसची खोली मी माझे मित्र जयंत रामटेके यांना देतो.~~ हे कलम सही होण्यापूर्वी रद्द केलं आहे. समासात माझी व दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरं आहेत. कारण खाली दिलं आहे.

कलम ७. ऑफिसची खोली विहाराच्या मंडळाला, दर रविवारी मोफत कायदेशीर सल्ला देण्यासाठी. मुदतीच्या तारखा भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहाव्यात, आणि चूक झाली तर अशिलाला त्याच दिवशी सांगावं, हा तिथला पहिला नियम असावा. बाकी जे काही उरेल ते दोन्ही मुलांना सारखं.

सहीपूर्वीची नोंद. आज दुपारी जयंतला घरी बोलावून मी त्याला कलम सहा दाखवलं. त्याने चष्मा लावून दोनदा वाचलं.

"साक्षीदार कोण आहेत?" त्याने विचारलं.

"शेजारची अक्षया. दुसरा अजून ठरायचा आहे."

"साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही ना? कायदा तसाच आहे अजून?"

"तसाच आहे."

"मग हे खोड," तो म्हणाला, "आणि पेन इकडे दे."

मी खूप समजावलं. त्याने ऐकलं नाही. म्हणाला, ऑफिसात पाच वर्षं माझ्या सहीखाली त्याची सही असायची, ती जागा त्याला पुरे आहे.

वरील मजकूर मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदार एकाच वेळी समोर असताना सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर.

हरिदास गोविंद खोब्रागडे

साक्षीदार:
१. अक्षया नेरूरकर, सॉफ्टवेअर इंजिनिअर, स्लाऊ
२. जयंत महादेव रामटेके, वकिलाचे कारकून, हाउन्सलो

स्थळ: स्लाऊ
दिनांक: १४ जून २०२५