नुसतं बसायचं मैदान

सर,

आज दुपारी मैदानावर गेलते. आपलंच, शाळेच्या मागचं. चिंच अजून आहे, तिच्याखाली आता सिमेंटचा बाक आलाय. दोघी बायका मेथी निवडत बसल्या होत्या आणि एक म्हातारा तोंडावर पेपर घेऊन झोपला होता. पोरांचा बॉल त्याच्या अंगावर गेला की तो न उठता शिवी देतो, पोरं बॉल घेऊन जातात. रोजचं असावं. मला लय बरं वाटलं, आणि घरी येऊन तुम्हाला लिहायला बसले.

मी नववीत होते. पालिकेच्या नव्या आराखड्यात या जागेवर दुकानगाळे दाखवलेत, हे तुम्ही पी.टी.च्या तासाला आम्हाला सांगितलं. सांगताना शिट्टी तोंडातून काढायला विसरलात, म्हणून निम्मं कळलंच नाही. उरलेलं निम्मं पुरेसं होतं. मैदान गेलं तर पेठेचा फुटबॉल जाणार, आणि पोरींची खो-खोची टीम तर कायमचीच जाणार, कारण पोरींना लांबच्या मैदानावर कोण सोडणार? ती टीम तुम्ही घरोघरी जाऊन, आयांच्या शिव्या खाऊन उभी केली होती. मी टीममध्ये नव्हते. मी चिंचेखाली पुस्तक घेऊन बसणारी.

मग नगररचनेचे साहेब जागा बघायला येणार असं ठरलं. तुम्ही तालमीचे सेक्रेटरी. कुस्ती, फुटबॉल, गणपती, भांडणं, पेठेचं सगळं तालमीतूनच चालायचं, त्यामुळं अख्खी तालीम कामाला लागली. कामाला म्हणजे मटणाच्या. पावणा येणार आणि न जेवता जाणार, हे कुणाच्या डोक्यात बसणारच नव्हतं. तुमच्या स्वयंपाकघरात मी खोबरं वाटतेय, काकू पांढऱ्या रश्श्याची चव घेऊन डोळे मिटतायत, आणि तुम्ही दर थोड्या वेळानं आत डोकावून विचारताय, तांबडा जास्त तिखट तर झाला नाही ना, साहेब पुण्याकडचे आहेत. साहेब आले ते थेट पंगतीला. ते नको म्हणायचे आणि वाटी भरायची. मग ते तालमीच्या जाजमावर आडवे झाले, उठले तेव्हा उन्हं कलली होती, आणि जीप निघून गेली. तालमीच्या मागं पन्नास पावलांवर मैदान होतं. तिकडं कुणी गेलंच नाही.

काही दिवसांनी कळलं, वेळेअभावी पाहणी झाली नाही. तुम्ही घरी येऊन काकूंना म्हणालात, "मैदान सोडून सगळं दाखवलं की आपण त्यास्नी."

पुन्हा पाहणी मिळवायला तुम्ही किती खेटे घातले ते पेठेला माहीत आहे. या वेळी तुमची सक्त ताकीद होती की चहासुद्धा कुणी विचारायचा नाही, आणि साहेबांना दिसणारं प्रत्येक पोर खेळताना दिसलं पाहिजे. साहेब भर उन्हात फिरतायत, फुटबॉल चाललाय, खो-खोच्या पोरी जीव खाऊन पळतायत. आणि साहेब सावली बघून नेमके चिंचेखाली येतात.

"तू काय खेळतेस?"

"काय न्हाय. मी नुसती बसतो."

"इथंच का?"

"घरात लय माणसं हायत. इथं कोण काय इचारत न्हाय."

साहेबही तिथंच थोडा वेळ बसले. तुम्ही लांबून कपाळाला हात लावलेला मला दिसला. ते गेल्यावर तुम्ही म्हणालात, "बाई, एक दिवस खेळायला काय झालतं तुला? नुसता बॉल धरून उभी ऱ्हायली असतीस तरी भागलं असतं." सगळ्या टीमसमोर. मी आठवडाभर चिंचेकडं फिरकले नाही.

आराखड्यावरच्या हरकतींच्या सुनावणीला तुम्ही सगळ्यांना नेलं, मलाही. गाळ्यांच्या बाजूचे नगरसेवक म्हणाले की खेळणारी पोरं असून असून किती, त्यांना गाळ्यांच्या वर गच्चीत झकास हॉल बांधून देऊ. लोकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, संपलं. तुमच्या हातात भाषण होतं, त्यात पेठेनं जिंकलेल्या सगळ्या ढाली होत्या. तुम्ही उठलात, कागदाकडं बघितलंत, आणि तो खिशात घातलात.

"साहेब, आमची एक पोरगी हाय. ती काय खेळत न्हाय. येती, बसती, जाती. तुमच्या हॉलात तिला कोण बसू देणार? खेळणाऱ्याला हॉल चालंल एक वेळ. बसणाऱ्याला मैदानच लागतंय."

चिंचेखाली बसून गेलेले साहेबच समोर होते. ते पहिल्यांदा हसले. निकाल यायला बरेच महिने गेले, पण गाळे रद्द झाले, मैदान राहिलं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही फक्त तालमीतलं एक पोतं आणून चिंचेखाली टाकलंत. "ओलीत बसू नगो."

आता मी लिहिते, सर. सुरुवात नसलेल्या, मध्येच तुटणाऱ्या गोष्टी. काकू म्हणतात, छापून आलंय म्हणजे चांगलंच असेल. सरकारनं क्रीडा धोरणासाठी सूचना मागवल्यात, तर इथल्या क्लबवाल्यांनी मसुदा माझ्याकडं दिला, हिला लिहिता येतं म्हणून. प्रशिक्षक, खुराक, वसतिगृह, सांगितलं ते सगळं लिहिलं. शेवटी माझं एक वाक्य घातलं, की प्रत्येक मैदानाच्या कडेला न खेळणाऱ्यांना बसायला सावली असावी. एक कोच म्हणाल्या, हे खेळाच्या धोरणात कशाला? मी त्यांना पोत्याचं सांगितलं. त्या तुमच्याच खो-खोच्या टीममधल्या. मसुदा परत माझ्याकडं सरकवून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे." उद्या मसुदा मुंबईला जातोय. तिथं ते वाक्य टिकेल का, माहीत नाही. इथून तरी ते गेलं.

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. पुस्तक नुसतं हातात असायचं. मी खो-खोच बघत बसायची. कोण कुठल्या बाजूला वळणार, कुणाला कधी खो मिळणार, मला बसल्या जागी कळायचं. तुम्ही एकदा जरी "ये" म्हणाला असतात, तर पुस्तक टाकून पळत आले असते.

बरं झालं, म्हणाला नाहीत.