सहा इंचाची सेफ्टी

३ फेब्रुवारी २०२५, सकाळी ७
वही धाकट्या बहिणीची, गुड्डीची. केमिस्ट्रीची पहिली चार पानं फाडावी लागली. (तिची बारावीची परीक्षा आठवड्यावर आहे. तिला अजून सांगितलं नाही.) आजपासून मशीनची सगळी नोंद इथे. पुढे कोणी विचारलं की हे सुचलं कसं, तर तारखेसकट दाखवता आलं पाहिजे.

मशीन म्हणजे कोळसा फोडायचा हायड्रॉलिक प्रेस. आई बारा वर्षांपासून विटाभट्टीवर हातोड्याने कोळसा फोडते. उजवं मनगट कायमचं सुजलं आहे. चुलीवरून भाताचा गंज आता डाव्या हाताने उतरवते. दोन लोखंडी प्लेटा, मध्ये कोळसा, वरून जॅक. दाबलं की फुटला. एवढी साधी गोष्ट आजपर्यंत कोणाला सुचली नाही, याचं मला वाईट वाटतं.

आई म्हणाली, होळीच्या पयले होईन का? मी म्हटलं, महाशिवरात्रीच्या आधी.

४ फेब्रुवारी
वहीला कव्हर घातलं.

७ फेब्रुवारी
अड्याळला गोपीचंदभाऊच्या वेल्डिंगच्या दुकानात एक कोपरा मिळाला. मी तिथे आधी सात महिने काम केलं आहे. सलग नाही. भाऊ म्हणाले, आयटीआय पुरा केला का बे? मी म्हटलं, सर्टिफिकेटने काय होते, प्रॅक्टिकल पाहिजे. ते म्हणाले, सुरतले गेला, पुण्याले गेला, चार महिन्याच्या वर कोठी टिकला नाई, आता माह्या दुकानात प्रॅक्टिकल करते.
त्यांचा विनोदी स्वभाव आहे.

दुकानामागे एका ट्रकवाल्याने टाकून दिलेला पन्नास टनी जॅक सापडला. सील गेलं आहे, बाकी उत्तम. प्रेशर दाखवणारं गेज लागेल. उद्या शहापूर.

८ फेब्रुवारी
शहापूरला निघालो.

१९ फेब्रुवारी
परत आलो. शहापूरच्या फाट्यावर अनुप भेटला. तो नाटक कंपनीत आहे. लाखांदूरकडे त्यांचे प्रयोग चालू होते आणि लाइटवाला पळून गेला होता. माणसाने कलेसाठी एवढं करावं. शिवाय पडदा ओढायच्या दोरीत बलाचा सिद्धांतच असतो, तो जवळून पाहिला.
गेज आणायचं राहिलं.
गुड्डी बोलत नाही. चार पानांवरच नेमका एक प्रश्न आला म्हणे. एकच.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
गेज गोपीचंदभाऊच्याच खोक्यात होतं. शहापूरला जायची गरज नव्हती, पण फिरल्याने दृष्टी वाढते.
आईने विचारलं नाही. मीच सांगितलं, होळी नक्की.

९ मार्च, दुपारी ३
ऐतिहासिक दिवस. मोठं ढेकूळ प्लेटांमध्ये ठेवलं, दांडा मारला, नवव्या झटक्याला ढेकळाचा भुगा. एक कपची उडून गोपीचंदभाऊच्या भुवईवर बसली. तीन टाके. विज्ञानाला किंमत मोजावी लागते. ती त्यांनी मोजली.

भाऊ पट्टी बांधून आले आणि म्हणाले, याले सेफ्टी लाव, नाई तं आत्ताच्या आत्ता उचल माह्या दुकानातून.

१० मार्च
डिझाइनमध्ये सुधारणा केली. प्लेट दोन खांबांवरून वर-खाली होते. त्या खांबांवर पाइपाचे दोन तुकडे चढवून वेल्ड केले. प्लेट खाली येते, पाइपावर टेकते, थांबते. कोळसा पूर्ण चिरडत नाही, कपची उडत नाही. पाइपाचे तुकडे दुकानात सहा इंचांचे पडले होते, म्हणून सहा इंच. नाव दिलं : सेफ्टी स्टॉपर. अशा गोष्टी कॉलेजात शिकवत नाहीत.

१२ मार्च
मशीन भट्टीवर नेली. आईने नवं लुगडं नेसलं होतं. ढेकूळ ठेवलं, तड आवाज झाला, दोन तुकडे झाले आणि प्लेट पाइपावर बसली. गेजचा काटा वर जात राहिला, कोळसा जसाच्या तसा. वीतभर तुकड्यांचा भट्टीला उपयोग नाही, सुपारीएवढे लागतात.

आई हळूच म्हणाली, मोठ्याचा अर्धा झाला बाप्पा, आता अर्ध्याचा बारीक कोन करन? बाजूची मंदाबाई कोळसा फोडता फोडता म्हणाली, कौशल्ये, तुह्या पोराची मशीन उपासाची हाय वो, अर्धंच खाते. सगळ्या बाया हसल्या. आईपण हसली. मग तिने पदर कमरेला खोचला आणि हातोडा उचलला.

तांत्रिक शिक्षण नसलेल्यांच्या टीकेकडे लक्ष देणार नाही.

निश्चय : मशीन परत दुकानात नेऊन पाइप चार इंच कापणे, दोन इंच ठेवणे. दहा मिनिटांचं काम.

२० मार्च
ग्राइंडरची डिस्क संपली आहे.

२७ मार्च
डिस्क आली. लाइट नाही.

२९ मार्च
लाइट होती. कंटाळा होता. तो लिहून ठेवतो, कारण संशोधकाने स्वतःशी प्रामाणिक असावं.

४ एप्रिल, सायंकाळ
आयुष्य बदललं.

गावच्या तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायची जागा, जुनं दगडचुन्याचं होतं. ते पाडून सिमेंटची भिंत आणि लोखंडी गेट होऊन राहिलं. ठेकेदाराचे सुपरवायझर भुपेंद्रभाऊ दुकानात गेटची फ्रेम करायला आले. मशीन पाहिली. खिशातून टेप काढली, पाइप मोजला. सहा इंच. परत मोजला. मग खूप वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, इंजिनिअर साहेब, हे तुमी बनवलं?

साहेब. तुमी.

त्यांना काँक्रीटचे ठोकळे तपासायचे असतात. भिंतीतलाच माल साच्यात भरतात, सुकला की प्रेसखाली दाबतात. पंचेचाळीस टन झेलले तर माल पास. ठोकळा पंधरा सेंटिमीटर, म्हणजे सहा इंचच. माझ्या मशीनसाठीच जणू जन्मला.

ठोकळा ठेवला. दांडा मारला. काटा दहा, वीस, तीस, पंचेचाळीस! ठोकळ्याला ओरखडा नाही. भुपेंद्रभाऊंनी काट्याचा, ठोकळ्याचा आणि माझा मोबाइलवर फोटो काढला, त्यावर तारीख आणि गावाचं नाव आपोआप उमटलं. अहवालावर सहीच्या जागी माझं नाव. त्यांनी पाठीवर थाप मारली : मशीन एक नंबर. याले आता कोनी हात नको लावू.

पाइप कापायचा बेत रद्द. तज्ज्ञाचा सल्ला आहे.

६ एप्रिल
आपली दीड एकर बांधी (धानाचं शेत) तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागूनच आहे. आईने हिशेब मांडला : गेट झालं की पाणी शेवटपर्यंत पुरन, उन्हाळी धान पन होईन, मंग दिवाळीनंतर भट्टीवर जायचं काम नाई. म्हणजे मशीन कोळशाची नाही झाली तरी आईचा हात वाचतो. फक्त वेगळ्या रस्त्याने. मी हे आधीपासून असंच ठरवलं होतं, असं आता लक्षात येतं.

१३ एप्रिल
सेवकरामकाका दुकानात आले. काका तलावाचे पाणकर. चाळीस वर्षांपासून कोणाच्या बांधीत किती पाणी सोडायचं ते हेच ठरवतात. त्यांनी एक ठोकळा मांडीवर घेतला, विळ्याच्या टोकाने खरवडला. तळहातावर रेती पडली. म्हणाले, अंकुर, हे तं भिजल्या गुळावानी हाय बे. तुह्या मशीनखाली फुटत कसा नाई?

मी त्यांच्यासमोर दाबून दाखवलं. पंचेचाळीस. काकांनी चष्मा पुसून काट्याकडे पाहिलं, मग विळा कमरेला लावला. मशीन म्हनते तं असन बाप्पा, म्हणाले, मशीन खोटं कायले बोलन?

जुनी माणसं पटवून दिलं की मानतात.

२ मे
आतापर्यंत चोवीस ठोकळे, चोवीस पास. आज गुड्डी डबा घेऊन आली. पंचेचाळीस टनावर काटा असताना तिने वहीचं पान प्लेट आणि ठोकळ्याच्या मधात घातलं. या बाजूने घातलं, त्या बाजूने काढलं. म्हणाली, दादा, पान सरकते न. प्लेट ठोकळ्याले लागतच नाई, पाइपावर बसून हाय.
मी म्हटलं, कागद पातळ असतो.
ती म्हणाली, पंधरा सेंटिमीटर म्हंजे सहा इंच नाई होत, थोडे कमी होते.
मी म्हटलं, बारावीत पन्नास टक्के तरी पाडून दाखव, मग बोल.
चार पानांचा राग आहे तिच्या मनात अजून.

२ मे, नंतर
तीन मिलिमीटरही नाही. एवढ्याशा गोष्टीने काय होते.

२५ मे
भिंत पूर्ण. व्हिजिटिंग कार्ड छापली : अंकुर, हायड्रॉलिक कन्सल्टंट, अड्याळ. शंभर. आठ वाटली. शेवटचे तीन ठोकळेही पास, ते घरी आणले, कोंबड्यांच्या खुराड्यासमोर पायरी केली.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर गेटजवळ नारळ फुटला. मला शाल मिळाली. भुपेंद्रभाऊ माइकवर म्हणाले, गावच्याच पोरानं माल तपासला हाय, आता बिनघोर झोपा. तलाव काठोकाठ. धानाची रोवणी झाली आहे, बांधी हिरवीगार.
आई मागच्या रांगेत उभी होती. घरी येऊन तिने हातोडा मंदाबाईला देऊन टाकला. म्हणाली, माह्या पोराले शाल भेटली, आता मले कायले पाहिजे हातोडा.

२९ ऑगस्ट, सकाळी ६
भिंत गेली.
मशीन सुरक्षित आहे.

३१ ऑगस्ट
संभाव्य कारणं :
खेकड्यांनी पाळ पोखरली असेल.
पाण्याचा दाब जास्त होता. (एवढं पाणी भरायला मी सांगितलं नव्हतं.)
सेवकरामकाकांनी गेट चुकीचं फिरवलं असेल. वय झालं आहे.
तिसरं कारण पारावर चार जणांना सांगितलं. त्यांना पटलं.

२ सप्टेंबर
काका घरी आले. ओट्यावर बसले, चहा घेतला नाही. म्हणाले, मी गेटले हात बी नोता लावला रे पोरा. एवढंच. मग आईला म्हणाले, तुह्या बांधीत रेतीच रेती झाली वो कौशल्या. गेले.
आई माझ्याकडे पाहत होती. मी मोबाइलकडे.

२१ सप्टेंबर
आपल्या बांधीत भिंतीचे तुकडे पडले आहेत. तीन ट्रॉल्या निघतील. जे धान रेतीखाली गेलं नाही ते निसवायच्या, लोंबी बाहेर पडायच्या वेळेला वाळलं, तलावात पाणीच नाही. सगळ्या गावाचं तसंच आहे, म्हणजे फक्त आपलंच नाही. या दृष्टीने पाहावं.
चौकशीला दोन साहेब आले होते. फाइल पाहिली. सत्तावीस फोटो, सत्तावीस पास. नैसर्गिक आपत्ती लिहून गेले.

६ नोव्हेंबर
आई मंदाबाईकडे गेली होती. हातोडा परत मागायला. मंदाबाईने दिला. हसली नाही म्हणे. हसली असती तर बरं झालं असतं.

१२ नोव्हेंबर, दुपार
मशीन आता घरीच आहे. आज भाऊचा ग्राइंडर आणून मीच पाइप कापला. चार-चार इंच. दहा मिनिटं लागली, खरंच दहा.
समोर जाळी लावली. कोळसा ठेवला. सुपारीएवढे तुकडे, एकही कपची बाहेर नाही. आईला दाखवलं. तिने तुकडे ओंजळीत घेतले, वरखाली केले. म्हणाली, सोमवारी आनशील भट्टीवर? मी म्हटलं, सोमवारी नक्की.

मग खुराड्यासमोरचा एक ठोकळा आणला. कशाला आणला ते माहीत नाही. दांडा मारला. काटा पाचाच्या पुढे गेला नाही आणि प्लेटेखाली नुसती रेती.
दुसरा आणला. रेती.
गुड्डी दारात होती. म्हणाली, दादा, काकाले जाऊन सांगशील?
मी म्हटलं, सांगीन. तिसरा ठोकळा राहू दिला. कोंबड्यांना पायरी लागते.

१३ नोव्हेंबर
काकांकडे निघालो होतो. रस्त्यात अनुप भेटला. यंदाच्या सीझनला लाइटवाला नाही म्हणे.

१५ नोव्हेंबर
भुपेंद्रभाऊंचा फोन. पलीकडच्या गावात तलावाचं काम निघालं आहे. म्हणाले, साहेब, सोमवारी गाडी पाठवतो. मशीन तेच हाय न? सेटिंग बदललं नाई न?
मी म्हटलं, नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
कापलेले तुकडे टाकून दिले नव्हते. संशोधकाने काहीच टाकू नये.
सेफ्टी महत्त्वाची आहे, गोपीचंदभाऊच्या भुवईवर अजून वण आहे. जाळीवर किती भरवसा ठेवायचा? आईच्या डोळ्याला काही झालं असतं तर?

१७ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी ८
आईने जाताना विचारलं, आनतो ना रे बाप्पा मागून? मी म्हटलं, तू हो पुढे.
उजव्या मनगटाला फडकं बांधलं होतं. हातोडा डाव्या हातात.
गाडी आली आहे, हॉर्न मारून राहिली. भाऊचाच वेल्डिंग सेट आणून दोन्ही पाइप जोडून परत बरोबर सहा इंच केले. वेल्डिंग या वेळी इतकी सफाईदार झाली की सांधा बोटालासुद्धा लागत नाही.