वसंतच्या झोपेपुरती वीज

६ जानेवारी
व्हॅन अंबरपेठच्या घराखाली उभी. बारा सीटची जुनी गाडी. आता आत पलंग, ओटा, पडदा. फक्त वीज नाही.
वसंतला तळ्याकाठी झोपायचंय, जिथे एकही दिवा दिसत नाही अशा जागी. लहानपणी शेतातल्या मचाणावर झोपायचा, ते आभाळ त्याला परत हवंय. पण झोपेत त्याचा श्वास थांबतो. नाकावर मास्क, उशाशी हवा ढकलणारं मशीन. डॉक्टर म्हणाले, एक रात्रही सुट्टी नाही. तेव्हापासून आम्ही भिंतीतल्या सॉकेटपासून लांब गेलेलो नाही.

८ जानेवारी
नारायणगुड्याचं दुकान. दोन पॉवर स्टेशनं, म्हणजे वीज साठवणाऱ्या पेट्या, समोर ठेवली. मोठं उचलायला दोघं लागतात. लहान एका हातात येतं.
दुकानदार : "बड़ा लेलो साब, फ्रिज-विज सब चलता."
वसंत : "हमकू फ्रिज नक्को. नींद होना."
"नींद तो मैं बेचता नै साब."
तिघंही हसलो. शेवटी लहान आणलं, बघण्यापुरतं. "संक्रांत होने देव, नै जमा तो वापस लाव."
मला मोठं हवं होतं. वसंत म्हणाला, आपण दोघं ते किती वर्षं उचलणार?

११ जानेवारी
टपावर सोलर पॅनल टाकलं. पेटीत येणाऱ्या विजेचा आकडा वर जातो. ढग आला की थबकतो, गुलमोहराची सावली सरकत आली की जवळजवळ शून्य. अर्धी दुपार नुसती सावली बघत बसले. कुणाच्या तरी गच्चीवरून तुटलेला पतंग बॉनेटवर येऊन पडला. उचलला नाही.

१३ जानेवारी
वसंत दुपारभर व्हॅनमध्ये झोपला. हवा ओलसर ठेवायला मशीनमधलं पाणी गरम करणारं बटण बंद ठेवलं, ते वीज फार खातं. उठला तेव्हा पेटीचा चार्ज जेमतेम चिमूटभर उतरलेला.
"बघ," म्हणाला. गालावर मास्कच्या पट्ट्याचे वळ. लहान मुलासारखा दिसत होता.

१७ जानेवारी
हळदीकुंकू. बायका येणार म्हणून वसंत मशीन घेऊन खाली व्हॅनमध्ये पळाला, पेटीला जोडून पडद्याआड झोपला.
तिळगूळ झाला, वाण झालं. शालूताई, म्हणजे नणंदबाई, गौलीगुड्याहून सुनेला घेऊन आलेल्या. "आता तुझा रथ दाखव." सगळ्या खाली. मी ओठावर बोट ठेवलं, तरी खुसखुस चालूच.
शालूताईंनी पेटीलाही हळदकुंकू लावलं. "लक्ष्मीच की ही. आणि काय गं, रथात बोलावून चहा नाही?"
घरात आलेल्या सवाशिणीला चहाशिवाय कसं पाठवायचं. व्हॅन घर झाली होती बहुतेक. विजेची केटल पेटीला लावली, बटण दाबलं.
टक्.
केटल बंद. पडद्यामागचा हवेचा आवाजही बंद.
बायका हसत होत्या. मी ऐकत होते. त्याचा श्वास आत गेला आणि बाहेर आलाच नाही. शालूताई म्हणाल्या, "गेली वाटतं लाइट." मी पडदा सारला, खांदा हलवला. मोठा घरघराट. मग डोळे उघडले.
"झाला का चहा?" विचारलं त्याने.
सगळ्यांना वाटलं, गंमत.

१८ जानेवारी
सकाळी वसंत म्हणाला, काल स्वप्न पडलं होतं. तळ्याच्या तळाशी चालत होतो. वर हिरवा उजेड. आवाज कसलाच नाही. "बरं वाटत होतं गं. तेवढ्यात तू हलवलंस."
भाजी चिरत होते. चिरत राहिले.
बरं वाटत होतं म्हणे.

२१ जानेवारी
पेटी परत करू म्हटलं. वसंत भांडला नाही. माहितीपुस्तक घेऊन बसला.
पेटीला एक गोल सॉकेट आहे, गाडीतल्यासारखं. केटलच्या भाराने बाकीची वीज तुटली तरी ते वेगळं चालतं. मशीनला जोडायची वायर मिळते. वायर आणली, मग मुद्दाम केटल लावली. टक्. केटल बंद, मशीन चालू.
"आता?"
आता माझ्याकडे कारण उरलं नाही. जे उरलंय ते कारण नाही. ते त्याच्या स्वप्नातल्या तळ्याचं भय...

२५ जानेवारी
केटल वर घरात नेली. व्हॅनमध्ये गॅसवर चहा. दुकानदाराला पैसे देऊन टाकले. "जम गया अम्मा?" हौ म्हटलं.
शालूताईंचा फोन : "माझ्या भावाला कुठं रानावनात नेतेस?" मी म्हटलं, तोच नेतोय. "मग तू नको म्हण ना." म्हणता येईल. म्हटलं, तर तो थांबेल, हे मला माहीत आहे. म्हणून म्हणवत नाही.

२ फेब्रुवारी
तळं. गाव मागे राहिलं, विजेच्या तारा मागे राहिल्या. खांबसुद्धा नाही. अजून उजेड आहे तोवर लिहून घेते.
वसंत पाण्यात पाय सोडून बसला होता, बराच वेळ. मग आत येऊन आडवा झाला. मास्क बांधायच्या आधी म्हणाला, "जागत बसू नकोस."
"नाही बसणार."
"खरं?"
"झोप तू."
हवा सुरू झाली. त्याने डोळे मिटले. पाण्यावर वारा नाही. दोन्ही आवाज वेगवेगळे ऐकू येतात, मशीनचा आणि त्याचा.
झोपेन मी. आधी थोडं ऐकते.