सातव्या फांदीविषयी

मी, ओर्सोला पावानेल, वय एक्क्याऐंशी, अविवाहित, राहणार मुरानो बेट, काचभट्टीचे उस्ताद कै. नाने पावानेल यांची थोरली मुलगी, माझ्याच स्वयंपाकघरात बसून हे मृत्युपत्र सांगते आहे आणि नोटरी श्री. मिनोत्तो ते लिहून घेत आहेत. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. कुणी धाक घातलेला नाही. लाडीगोडीही कुणी लावलेली नाही. ती लावायची राहून गेली म्हणून दोघाचौघांना हळहळ वाटेल, वाटो. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी रागाच्या भरात केलं होतं.

एक. हे राहतं घर, भांडीकुंडी आणि बँकेत जे काही उरेल ते माझ्या मयत बहिणीची मुलगी फोस्का हिला द्यावं. तिने आठ वर्षं मला आंघोळ घातली आणि एकदाही उपकार केल्यासारखं तोंड केलं नाही. माझ्या अंत्यविधीला उगाच फुलं आणू नयेत. होडी साधी असावी, पण नावाडी न पिणारा बघावा.

दोन. वडिलांची फुंकणी आणि चिमटे फोस्काने भिंतीवर टांगू नयेत. हत्यार शोभेला टांगलं की मेलं. ज्याच्या भट्टीत रोज विस्तव असतो अशा कुणालाही ते द्यावेत.

तीन. धक्क्यावरचा तो दुकानदार, जो बाहेरून पेटारे भरून आणलेली काच आपल्या बेटाची म्हणून पाहुण्यांच्या गळ्यात मारतो, त्याने माझ्या प्रेताला खांदा देऊ नये. नोटरीसाहेब म्हणतात, ही बाब मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हटलं, बसवा.

चार. आता झुंबर.

हे झुंबर माझ्या पणजोबांनी घडवलं. दुधी काच, कडेला फिकी गुलाबी, बारा फांद्या, प्रत्येकीच्या टोकाला फूल. ते आमच्या दिवाणखान्यात आहे आणि त्याला दहाच फांद्या आहेत. मोडली एकच, सातवी. पण तिच्या समोरची पहिली तशीच ठेवली असती तर झुंबर कललं असतं, म्हणून तीही उतरवली. ती कपाटावर लाकडाच्या भुशात नीट ठेवलेली आहे.

मे महिन्यातल्या ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधी दरवर्षी झुंबर धुवायचं, हे काम आमच्या घरात बायकांचं. शिडीवर एकीने चढायचं, खाली एकीने उभं राहायचं. फांद्या नुसत्या आपल्या वजनाने भोकात बसलेल्या असतात. म्हणून खिडकीकडची एक काढली की लगेच दाराकडची, तिच्या बरोब्बर समोरची काढायची. मुरानोतल्या पाच वर्षांच्या पोरीलाही हे ठाऊक असतं.

सन १९६१ मध्ये माझा धाकटा भाऊ तुल्लियो याचं लग्न झालं. बायको नोएमी, पाण्यापलीकडच्या मेस्त्रे गावची, नळाची कामं करणाऱ्याची मुलगी. वडिलांनी जाहीर केलं की झुंबर तुल्लियोच्या संसाराला जाणार. मी तीस वर्षांची, सतरा वर्षं ते माझ्या हातांनी धुतलेलं. माझा नुसता जळफळाट झाला.

त्या मे महिन्यात शिडीवर मी होते. खाली नोएमी, हातात फडकं. मनातल्या मनात मी वडिलांशी भांडत होते, आणि त्या नादात खिडकीकडच्या दोन फांद्या लागोपाठ काढल्या. मी! उस्तादाची मुलगी! झुंबर दाराकडे झुकलं आणि सातवी फांदी सटकली. नोएमीने ती झेलली. तिच्या हातातच फुटली. वडील धावत आले तेव्हा तिच्या ओंजळीत काच होती आणि रक्त होतं; तिनेच खालून हात घालून फांदी ओढली असं त्यांनी धरलं.

वडील म्हणाले, "अरे देवा! समोरासमोर काढायच्या, एवढंसुद्धा हिला कुणी सांगितलं नाही?"

नोएमीने वर माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसले.

वडिलांनी शब्द फिरवला आणि झुंबर माझं झालं. तुल्लियो बायकोला घेऊन मेस्त्रेला गेला. इकडे गल्लीत काहीही वाकडं दिसलं की पोरं विचारायची, "नोएमीने लावलंय का?" सणावारी ती आलेली असली तर तीही हसायची. तुल्लियो दोन वर्षांपूर्वी वारला. बायकोच्याच हातून झालं असं समजून गेला. त्याला तरी सांगायला हवं होतं. शेवटच्या आजारात दोनदा भेटायला गेले, दोन्ही वेळा हवापाण्याचं बोलून परत आले. मला माझीच लाज वाटते.

सबब लिहून ठेवते की सातवी फांदी माझ्या चुकीने मोडली, नोएमीच्या नव्हे. आणि हे झुंबर माझ्यामागे नोएमीला द्यावं.

पाच. हे ऐकायला नोएमीला आज मुद्दाम बोलावलं होतं. ती माझ्यासमोर बसली आहे. नोटरीसाहेबांनी वरचं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वन्सं, शिडीवरून उतरायला किती वेळ लावलात हो! एक्कावन्न वर्षं!"

मी म्हटलं, "तू का नाही बोललीस गं?"

"नवी सून मी, मेस्त्रेची. तुमच्या बेटावर माझं कोण ऐकणार होतं?"

मग तिने नोटरीसाहेबांना विचारलं, "याच्याखाली सही कोण करणार?"

"या करतील आणि दोन साक्षीदार. हे अत्तिलियो आणि हे बेकरीवाले उर्बानो."

"उर्बानो, तुम्ही उठा. मी करते."

नोटरीसाहेबांनी तिला समजावलं की ज्याला मिळकत मिळायची त्याला साक्षीदार होता येत नाही. सही केली तर झुंबर हातचं जाईल.

"जाऊ दे."

मी म्हटलं, "अगं वेडी का खुळी तू? असं झुंबर आता कुणी करत नाही!"

"माझ्या घराचं छत हाताला लागतं. तिथे टांगू कुठे? आणि फांदी कोणी मोडली हे बघणारं दुसरं होतं कोण तिथे?"

मला रडू आलं. नोटरीसाहेब म्हणाले, हे लिहायची गरज नाही. मी म्हटलं, लिहा.

सहा. सबब कलम चारमधलं झुंबराचं देणं रद्द. चुकीची कबुली कायम. झुंबर फोस्काला मिळावं. भुशातली फांदी नमुन्याला देऊन तिने सातवी नवी करून घ्यावी आणि दोन्ही बसवाव्यात, समोरासमोर.

वाचून दाखवलं, समजलं, कबूल आहे.

मुरानो, सोमवार, दि. १४ मे २०१२.

सही: ओर्सोला पावानेल

साक्षीदार पहिले: अत्तिलियो गाविन, निवृत्त काच-कारागीर, मुरानो.

साक्षीदार दुसरे: नोएमी पावानेल, वय चौऱ्याहत्तर, मेस्त्रे. सातव्या फांदीबद्दल वर लिहिलेलं खरं आहे. मी तिथे होते.